नोंद आणि शोध : दोन कामे, दोन दालने



दप्तराची कसोटी त्याच्या जाडीवर होत नाही. हवा असलेला कागद हव्या त्या वेळी हाती येतो की नाही, यावर होते. कोल्हापूर जिल्ह्यातील शेतकऱ्यास सोसायटीचे पीककर्ज घ्यावयाचे असो वा जमिनीची खरेदी करावयाची असो, सात-बाराचा उतारा प्रथम लागतो. २०१९ आणि २०२१ साली पंचगंगेला महापूर आला. अशा आपत्तीनंतर एकीकडे पंचनाम्याच्या नव्या नोंदी लिहावयाच्या असतात, तर दुसरीकडे उतारे मागणाऱ्यांची रीघ लागते. दोन्ही कामे एकाच टेबलावर आली, तर दोन्ही रखडतात. संगणकीय शोधयंत्रणेपुढेही नेमका हाच प्रश्न उभा राहतो.

महसूल दप्तराने ही विभागणी फार पूर्वीच स्वीकारली आहे. जमिनीच्या हक्कातील बदल प्रथम गाव नमुना ६ मध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत लिहिला जातो. हितसंबंधितांना नोटीस दिली जाते, हरकतीसाठी मुदत दिली जाते आणि नोंद प्रमाणित झाल्यावरच तिचा अंमल सात-बारावर येतो. लिहिण्याची वही निराळी, वाचण्याचा उतारा निराळा.

संगणकातील शोधाचे कामही असेच आहे. शोधयंत्रणा प्रत्येक वेळी मूळ कागद चाळीत नाही. पुस्तकाच्या अखेरीस शब्दसूची असते, त्याप्रमाणे कोणता शब्द कोणकोणत्या कागदांत आला आहे, याची सूची ती आधीच तयार ठेवते. कागद फार झाले म्हणजे सूचीचे तुकडे करून ते अनेक यंत्रांवर ठेवावे लागतात. समजा, जिल्ह्याच्या बारा तालुक्यांचे बारा तुकडे केले. जिल्ह्याविषयीचा प्रश्न बाराही तुकड्यांना विचारला जाईल आणि सर्वांची उत्तरे आल्यावरच एकत्र उत्तर मिळेल. अकरा यंत्रे तत्पर असली, पण शिरोळचे एक यंत्र नव्या नोंदींची सूची करण्यात गुंतले असले, तर संपूर्ण जिल्ह्याचे उत्तर त्याच्यासाठी खोळंबेल.

एखादे यंत्र बंद पडले तरी काम चालावे, म्हणून प्रत्येक तुकड्याच्या प्रती इतर यंत्रांवर ठेवतात. प्रचलित पद्धतीत नवा कागद आला की प्रत्येक प्रत आपली सूची स्वतंत्रपणे करते. म्हणजे तीन प्रती असतील तर तेच श्रम तीनदा होतात, आणि तेही लोकांना उत्तरे देणाऱ्या यंत्रांवर.

यावरील उपाय सूचीच्या रचनेतच दडलेला आहे. १९९९ साली सुरू झालेल्या ‘ल्युसीन’ या आज्ञावलीत सूची लहान लहान खंडांत लिहिली जाते. एकदा लिहिलेला खंड पुन्हा बदलत नाही; नवे खंड पडतात आणि पुढे अनेक खंड मिळून एक होतो. जे बदलत नाही, त्याची नक्कल निर्धास्तपणे करता येते. म्हणून काही यंत्रांनी केवळ सूची करावी, तयार खंड सामाईक साठ्यात ठेवावेत आणि शोधाच्या यंत्रांनी ते तेथून उचलावेत, ही पद्धत पुढे आली. ल्युसीनवर आधारलेल्या ‘ओपनसर्च’मध्ये तयार खंडांची नक्कल करण्याची सोय २०२३ साली पक्क्या स्वरूपात आली, लेखन आणि वाचन यांची यंत्रे वेगळी करण्याची सोय २०२५ साली मिळाली. यामुळे उताऱ्यांची मागणी वाढली तर केवळ शोधाची यंत्रे वाढविता येतात. नोंदींचा ओघ वाढला तर केवळ लेखनाची.

मात्र या सोयीला किंमत आहे. लिहिलेला खंड शोधाच्या यंत्रापर्यंत पोहोचेपर्यंत काही काळ जातो. बहुधा तो थोड्या सेकंदांचा असतो. पण यंत्रणेवर ताण असेल तर वाढतो. गावाचा इतिहास शोधणाऱ्याचे त्यात काही बिघडत नाही. परंतु जमीन विकत घेणाऱ्याला नुकताच चढलेला कर्जाचा बोजा दिसला नाही, तर त्याची आयुष्याची पुंजी धोक्यात येते.

म्हणूनच वाचनाच्या प्रतीने आपण कोठवर अद्ययावत आहोत, हे स्वतः सांगितले पाहिजे. संगणकीकृत सात-बारावर प्रलंबित फेरफार आहे किंवा नाही, तसेच शेवटच्या फेरफाराचा क्रमांक व दिनांक दर्शविलेला असतो, त्याचे मोल येथे ध्यानात येते. कोणतीही शोधयंत्रणा उभारताना हेच तत्त्व पाळले जावे : नोंद आणि शोध वेगळे असावेत, दोहोंमधील अंतर मोजले जावे आणि ते वाचणाऱ्यास दिसावे.

पंचायतीच्या सदस्यांनी व शिक्षकांनी ग्रामस्थांना उताऱ्यावरील ही ओळ वाचावयास शिकविली, तर अनेक तंटे उद्भवण्यापूर्वीच टळतील. माहितीसाठी उतारा पुरेसा आहे. व्यवहाराचा निर्णय घेण्यापूर्वी मात्र फेरफार नोंदवही पाहिलीच पाहिजे.