व्याजदर एका देशाचा, झळ साऱ्या जगाला



अमेरिकेतील घरे बहुतांशी लाकडाची असतात. १९८०च्या दशकाच्या आरंभी तेथील बांधकाम व्यावसायिकांनी एक आगळा निषेध नोंदविला. घरासाठी लागणाऱ्या वाशांचे तुकडे कापून त्यांनी ते टपालाने फेडरल रिझर्व्ह या अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेकडे धाडले. कर्ज इतके महागले की घरे बांधणेच थांबले, मग हे लाकूड तुम्हीच ठेवा, असा त्याचा अर्थ होता. कर्जाने गांजलेल्या शेतकऱ्यांनी तर बँकेच्या वॉशिंग्टनमधील इमारतीला ट्रॅक्टरांचा वेढा घातला. या रोषाचे लक्ष्य होते बँकेचे तत्कालीन अध्यक्ष पॉल व्होल्कर, आणि कारण होते व्याजदर.

व्याजदर हा शब्द वृत्तपत्राच्या अर्थविषयक पानावर नित्य दिसतो आणि सामान्य वाचक तो ओलांडून पुढे जातो. तथापि, परदेशातील एका मध्यवर्ती बँकेचा निर्णय आपल्या घरातील गॅस सिलिंडरपर्यंत कसा पोहोचतो, हे समजून घेणे आता केवळ अर्थतज्ज्ञांचे काम राहिलेले नाही.

डॉलरचे आगळे स्थान

मध्यवर्ती बँकेने दर वाढविला की कर्ज महागते, मागणी मंदावते आणि भाववाढीला लगाम बसतो. दर उतरविला की उलट घडते. प्रत्येक देशाची मध्यवर्ती बँक हेच करते. मात्र डॉलरची गोष्ट निराळी आहे. खनिज तेलाचा व्यापार प्रामुख्याने डॉलरमध्ये होतो, विकसनशील देशांची कर्जे बहुधा डॉलरमध्ये असतात आणि जगाच्या परकीय गंगाजळीत सर्वांत मोठा वाटा डॉलरचाच आहे. १५ ऑगस्ट १९७१ रोजी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी ३५ डॉलरला एक औंस सोने हे परदेशी मध्यवर्ती बँकांना दिलेले वचन मागे घेतले. तेव्हापासून या चलनामागे सोने नाही. आहे ती अमेरिकेची पत आणि फेडरल रिझर्व्हचा विवेक.

म्हणूनच अमेरिकेत व्याज वाढले की तीन गोष्टी एकदम घडतात. अधिक परताव्याच्या ओढीने भांडवल इतर देशांतून अमेरिकेकडे वळते. डॉलर वधारतो आणि इतरांची आयात महागते. आणि ज्यांनी डॉलरमध्ये कर्ज काढले आहे, त्यांच्या डोक्यावरील बोजा एक पैसाही नव्याने न उचलता वाढतो.

मेक्सिकोची परवड

व्होल्कर ऑगस्ट १९७९मध्ये पदावर आले. १९८०मध्ये अमेरिकेतील चलनवाढ १३ टक्क्यांच्या वर होती. त्यांनी पैशाचा पुरवठा आवळला आणि अल्पकालीन व्याजदर २० टक्क्यांच्या घरात गेला. १९८२च्या अखेरीस बेकारी १०.८ टक्क्यांवर पोहोचली. परंतु १९८३मध्ये चलनवाढ चार टक्क्यांच्या खाली आली. औषध कडू होते, पण लागू पडले.

त्याच औषधाने शेजारचे घर मात्र कोसळले. १९७०च्या दशकात तेलसंपन्न देशांनी आपली मिळकत पाश्चात्त्य बँकांत ठेवली होती आणि त्या बँकांनी ती लॅटिन अमेरिकेला कर्जाऊ दिली होती. यांतील बहुतेक कर्जांचा व्याजदर बाजाराबरोबर बदलणारा होता. आपल्या भूमीत तेल आहे, भाव चढतेच राहतील, या भरवशावर मेक्सिकोच्या राज्यकर्त्यांनी ऋण काढून सण साजरा केला. मग व्याज वाढले, तेलाचे भाव उतरले आणि डॉलर वधारला. ऑगस्ट १९८२मध्ये अर्थमंत्री हेसुस सिल्वा हेर्झोग यांना वॉशिंग्टन गाठून हप्ते फेडता येत नाहीत, असे सांगावे लागले. कर्ज होते सुमारे ८० अब्ज डॉलर. पाठोपाठ ब्राझील, अर्जेंटिना आणि इतर देश अडचणीत आले. लॅटिन अमेरिकेच्या इतिहासात त्या दशकाला 'गमावलेले दशक' म्हणतात. कर्ज काढले सरकारांनी, दिले बड्या बँकांनी. वेतन घटले ते कामगारांचे.

२०१३चा धडा

आता आपल्या देशाकडे वळू. २००८च्या अरिष्टानंतर फेडरल रिझर्व्हने व्याजदर शून्याजवळ आणला आणि रोखे विकत घेऊन बाजारात पैसा ओतला. २०१३मध्ये ही खरेदी दरमहा ८५ अब्ज डॉलर इतकी होती. त्या वर्षी २२ मे रोजी अध्यक्ष बेन बर्नान्के यांनी ही खरेदी पुढे कमी करण्याचा विचार होऊ शकतो, असे अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे सूचित केले. प्रत्यक्षात कपात जाहीर झाली डिसेंबरमध्ये. परंतु बाजार कृतीची वाट पाहत नाही, चाहूल त्याला पुरते. मे महिन्यात ५५ च्या आसपास असलेला डॉलरचा भाव २८ ऑगस्टला ६८ रुपयांच्या पलीकडे गेला.

त्या वादळात भारत, ब्राझील, इंडोनेशिया, दक्षिण आफ्रिका आणि तुर्कस्तान या देशांना 'नाजूक पाच' असे नाव पडले. वादळ सर्वांवर आले, मग हेच पाच का वाकले? भारतापुरते उत्तर स्पष्ट आहे. २०१२-१३मध्ये चालू खात्यावरील तूट राष्ट्रीय उत्पन्नाच्या ४.८ टक्के झाली होती. तेल आणि सोन्याची आयात फुगली होती, आणि तूट भरून निघत होती ती आज येणाऱ्या आणि उद्या जाऊ शकणाऱ्या परकीय पैशातून. रिझर्व्ह बँकेला अल्पकालीन व्याजदर चढवावे लागले, सोन्यावरील आयात शुल्क १० टक्के झाले. सप्टेंबरमध्ये गव्हर्नरपदी आलेल्या रघुराम राजन यांनी विदेशस्थ भारतीयांच्या ठेवींसाठी सवलतीची योजना खुली केली. तिच्यातून सुमारे २६ अब्ज डॉलर आले आणि रुपया सावरला.

हे सारे भारताविरुद्धचे कारस्थान होते काय? मुळीच नव्हे. फेडरल रिझर्व्हला तेथील कायद्याने दिलेले काम अमेरिकेतील भाव आणि अमेरिकेतील रोजगार सांभाळण्याचे आहे. बड्या देशांनी आपल्या धोरणाचे इतरांवर होणारे परिणामही विचारात घ्यावेत, अशी मागणी राजन यांनी २०१४मध्ये जाहीरपणे केली. ती न्याय्य होती. पण ती मान्य करण्यास कोणी बांधील नव्हते.

घराची डागडुजी

पुढची परीक्षा २०२२मध्ये आली. मार्च २०२२ ते जुलै २०२३ या काळात अमेरिकेचा व्याजदर शून्याजवळून सव्वापाच ते साडेपाच टक्क्यांवर गेला. परकीय चलन आधीच आटलेल्या श्रीलंकेने एप्रिल २०२२मध्ये परकीय कर्जफेड थांबविली. भारतातही रुपया घसरला आणि तो सावरताना गंगाजळीला ओहोटी लागली. ६४० अब्ज डॉलरवर गेलेला साठा ऑक्टोबर २०२२पर्यंत सुमारे ५२५ अब्जांवर आला. तरीही २०१३सारखी घबराट झाली नाही, कारण खर्च करायला कोठारात धान्य होते. अर्थात अशा साठ्याचीही किंमत असते. तो अल्प परताव्यावर परदेशी रोख्यांत पडून राहतो. परंतु १९९१मध्ये ज्या देशाला सोने गहाण ठेवून आयातीचे पैसे उभे करावे लागले, त्याला ही किंमत जड वाटू नये. त्याच देशाच्या रिझर्व्ह बँकेने २०२३-२४मध्ये सुमारे १०० टन सोने इंग्लंडमधून मायदेशी आणले.

श्रोतेहो, अमेरिकी बांधकाम व्यावसायिकाला आपला राग कळविण्यासाठी एक पत्ता तरी होता. त्याने लाकडाचा तुकडा पाठविला आणि तो योग्य ठिकाणी पोहोचला. मेक्सिकोतील कामगाराचे जीवन त्याच निर्णयाने बदलले, पण तो तुकडा कोणाला पाठविणार होता? वॉशिंग्टनच्या त्या बैठकीत इतर देशांना मत नाही, आणि ते नजीकच्या काळात मिळण्याचे चिन्हही नाही. आयात किती करायची, कर्ज कोणत्या चलनात काढायचे आणि ते कशावर खर्चायचे, हे निर्णय मात्र आपल्याच देशात होतात. त्यांचा जाब विचारायचा पत्ता दिल्लीत आणि मुंबईत आहे. तो विचारला जाईल, तेव्हाच पुढचे वादळ आले असता आपल्या घराचे वासे शाबूत राहतील.