विजेतीची जात शोधणारा समाज



१९ ऑगस्ट २०१६ च्या सायंकाळी अवघा देश दूरचित्रवाणी संचासमोर बसला होता. ब्राझीलमधील रिओ येथे ऑलिंपिक बॅडमिंटनच्या अंतिम फेरीत हैदराबादची पी. व्ही. सिंधू स्पेनच्या कॅरोलिना मरिनशी झुंजत होती. पहिला गेम तिने २१-१९ असा जिंकला, पुढचे दोन गमावले. तरीही ऑलिंपिकचे रौप्यपदक मिळविणारी ती पहिली भारतीय महिला ठरली. घराघरांत आनंदीआनंद झाला. आणि त्याच सुमारास इंटरनेटवरील गूगल या शोधयंत्राकडे देशाच्या अनेक भागांतून एक विचारणा वाढत्या संख्येने होत होती : सिंधूची जात कोणती? ही विचारणा तिच्या स्वतःच्या भागातून, म्हणजे आंध्र प्रदेश आणि तेलंगणातून विशेष झाल्याचे त्या वेळी वृत्तपत्रांनी प्रसिद्ध केले.

पुढे १२ जुलै २०१८ रोजी फिनलंडमधील टाम्पेरे येथे आसामच्या एका शेतकऱ्याच्या मुलीने, हिमा दासने, वीस वर्षांखालील जागतिक स्पर्धेत ४०० मीटर धावण्याचे सुवर्णपदक जिंकले. राष्ट्रगीताची धून सुरू होताच तिचे डोळे पाणावले आणि ते दृश्य पाहून असंख्य भारतीयांचा कंठ दाटून आला. परंतु शोधयंत्रावर तिचे नाव लिहू लागताच पुढे ‘जात’ हा शब्द आपोआप सुचविला जात होता. यंत्राला जात ठाऊक नसते. असंख्य लोक जे विचारतात, तेच ते पुढच्या माणसाला सुचविते.

समाजमनाचा कानोसा घेण्याची साधने पूर्वीही होती. सभा, सर्वेक्षणे, निवडणुका ही ती साधने. पण सर्वेक्षकासमोर माणूस सावरून बसतो आणि शोभेल असेच उत्तर देतो. शोधयंत्रासमोर तो एकटा असतो. तेथे तो किती उघडा होतो, हे २००६ मध्ये अमेरिकेत दिसले. एओएल या कंपनीने साडेसहा लाखांच्या आसपास ग्राहकांनी घेतलेले सुमारे दोन कोटी शोध अभ्यासकांसाठी खुले केले. नावांच्या जागी केवळ क्रमांक होते. तरीही निव्वळ शोधांच्या आधारे पत्रकारांनी एका क्रमांकामागील वृद्ध स्त्रीचे घर गाठले. आजार, चिंता, शेजार, सारे त्या शोधांत उमटलेले होते.

मात्र या आरशात पाहताना विवेक सोडून चालणार नाही. गूगलचे आलेख शोधांची खरी संख्या सांगत नाहीत. निवडलेल्या काळातील सर्वोच्च प्रमाणाला १०० मानून बाकीचे त्या तुलनेत मांडले जाते. त्यामुळे आलेखातील उंच सुळका म्हणजे कोट्यवधी माणसे, असे समजणे चूक ठरते. २००८ मध्ये गूगलने शोधांवरून फ्लूच्या साथीचा अंदाज वर्तविण्याचा उपक्रम सुरू केला. २०१२-१३ च्या हिवाळ्यात त्याचे आकडे अमेरिकी आरोग्य यंत्रणेच्या नोंदींच्या जवळजवळ दुप्पट निघाले. साथीच्या बातम्या वाचून निरोगी माणसेही लक्षणे शोधू लागली, हे त्यामागचे एक कारण मानले गेले. २०१५ मध्ये गूगलने हे अंदाज प्रसिद्ध करणे थांबविले.

हाच न्याय सिंधूच्या बाबतीतही लावला पाहिजे. बातमी वाचून कुतूहलाने तपासणारे कितीतरी असतील. कोणी संतापानेही शोध घेतला असेल. म्हणून सारा देश जात शोधत होता, असे म्हणणे अन्यायाचे होईल. पण बातमी झाली ती शोध वाढला म्हणूनच, आणि शोध वाढला कारण प्रश्न मनात आधीच होता. ‘ती आपल्यातली का?’ हा तो प्रश्न. पदक भारताचे, हे पुरेसे वाटले नाही. अभिमानासाठी आणखी लहान कुंपण हवे होते. येथेच खरे दुखणे आहे. तिरंग्याखाली एक होणारा समाज घरी परतून पुन्हा आपापल्या वाड्यात शिरतो.

८ मे १९७४ रोजी पुण्याच्या वसंत व्याख्यानमालेत बाळासाहेब देवरसांनी सामाजिक समता आणि हिंदू संघटन यांचा अतूट संबंध मांडला. त्याहीपूर्वी, १९३४ मध्ये, महात्मा गांधींनी वर्ध्याच्या संघशिबिराला भेट दिली होती. तेथील शिस्त आणि अस्पृश्यतेचा अभाव यांचा त्यांनी १९४७ मध्ये आवर्जून उल्लेख केला. हा वारसा अभिमानाचा खराच. पण तो परीक्षाही घेतो. संघस्थानावर शेजारी उभ्या असलेल्या स्वयंसेवकाची जात विचारायची नाही, ही रीत झाली. नवा शेजारी, मुलाचा मित्र, कार्यालयातील नवा अधिकारी यांचे आडनाव ऐकल्यावर कार्यकर्त्याची बोटे भ्रमणध्वनीवर काय लिहितात? तेथे गणवेश नसतो, शिक्षक नसतो, पाहणारे कोणीच नसते. समरसतेची कसोटी तेथेच लागते.

२०२३ मध्ये भारतात ज्यांचा शोध सर्वाधिक वाढला त्या घडामोडींच्या गूगलच्या यादीत चंद्रयान-३ पहिल्या स्थानी होते. म्हणजे उत्तुंग जिज्ञासाही याच समाजाची आहे. तिला खतपाणी घालण्याचे काम कुटुंबातच होऊ शकते. एखादी खेळाडू जिंकली की घरातील मुलांनी तिची जात विचारण्याआधी थोरांनी तिचा सराव, तिचे गुरू, तिच्या आईवडिलांचे कष्ट यांची गोष्ट सांगावी. सिंधूचे आईवडील दोघेही व्हॉलीबॉलपटू होते आणि वडील रमणा १९८६ च्या सेऊल आशियाई स्पर्धेत कांस्यपदक जिंकणाऱ्या भारतीय संघात होते, हे किती घरांत सांगितले गेले?

कायद्याने हा प्रश्न पुसता येणार नाही. कोणी पाहत नसतानाही जेव्हा तो सुचेनासा होईल, तेव्हाच हिंदू समाज खऱ्या अर्थाने संघटित झाला असे म्हणता येईल.