बोटांची सवय

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

श्रोतेहो, आपल्या जिल्ह्याचे नाव २०२३ साली उस्मानाबादचे धाराशिव झाले. पाट्या बदलल्या, शिक्के बदलले. पण एस.टी.त बसलो की माझ्या तोंडून अजून कधीकधी जुनेच नाव निघते. नाव बदलायला एक आदेश पुरतो, जिभेच्या सवयीला मात्र वेळ लागतो. गेल्या हिवाळ्यात हाच अनुभव मला संगणकाने दिला.

माझा संगणक २०१६ सालचा, विंडोज १० वर चालणारा. या विंडोजला मिळणारी नेहमीची मोफत सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. विंडोज ११ घ्यावे तर त्याच्या अटींत माझे यंत्र बसेना. पुतण्या म्हणाला, "काका, यंत्र ठणठणीत आहे. ते भंगारात कशाला घालता? लिनक्स टाकू." मी निवृत्त शिक्षक. नवे यंत्र घ्यायचे तर पेन्शनकडे पाहावे लागते. म्हटले, टाक.

लिनक्स म्हणजे काय, हे थोडक्यात सांगतो. संगणकाचे सगळे अवयव ज्याच्या सांगण्यावरून चालतात, ती कार्यप्रणाली. विंडोज ही एक, लिनक्स ही दुसरी. १९९१ साली फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने तिचा गाभा लिहायला घेतला. पुढे जगभरच्या लोकांनी त्यात भर घातली. ती फुकट मिळते आणि कुणालाही वापरता येते. उबुंटू, मिंट ही तिचीच रूपे; आपल्या सी-डॅकची 'बॉस' हीही त्याच घराण्यातली.

पहिले आठ दिवस फार चिडचिड झाली. 'सी' आणि 'डी' ड्राइव्ह शोधत बसलो, तर ते नव्हतेच. त्यांच्या जागी 'होम' नावाचे एकच घर. वर्डऐवजी लिबरऑफिस. त्यात जुनी पत्रे उघडली, पण तक्त्यांच्या रेघा थोड्या सरकल्या. नवीन काही बसवायचे तर ते इकडून तिकडून न उतरवता, प्रणालीच्याच भांडारातून घ्यायचे. हळूहळू हे सारे अंगवळणी पडले. खरा धक्का मात्र नवव्या दिवशी बसला.

माझी आई दळताना ओव्या म्हणायची. तिच्या हयातीत मी त्या एका वहीत उतरवून घेतल्या आणि २००४ साली संगणकावर टाइप केल्या. वही पुढे वाळवीने खाल्ली. राहिली ती फक्त फाइल. ती उघडली, तर पडद्यावर इंग्रजी अक्षरे, कंस आणि टिंबे यांचा नुसता कालवा! आईचा एक शब्दही दिसेना. छातीत धस्स झाले.

पुतण्याने उलगडा केला. जुन्या मराठी फॉन्टमध्ये संगणकाच्या पोटात इंग्रजी अक्षरांचेच क्रमांक असत. वर फक्त मराठी अक्षराचे सोंग चढवलेले असे. फॉन्ट गेला की सोंग उतरले. माझा फॉन्ट त्याच्या सॉफ्टवेअरसह जुन्या विंडोजबरोबर गेला होता. युनिकोडमध्ये तसे नाही. तिथे 'क'ला स्वतःचा क्रमांक आहे आणि तो जगातल्या प्रत्येक संगणकावर तोच असतो. १९९१ सालच्या पहिल्या युनिकोडमध्येच देवनागरीला जागा मिळालेली होती. आम्हीच जुन्या फॉन्टला चिकटून बसलो.

असा मजकूर युनिकोडमध्ये आणणारे परिवर्तक मिळतात. त्यातून ओव्या परत आल्या, पण जखमी होऊन. जुन्या पद्धतीत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप करत, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर येते. त्यामुळे वेलांट्या शेजारच्या घरी गेल्या. 'दर्शन'चे 'दशर्न' झाले. मी ओळ न् ओळ दुरुस्त करू लागलो. एका ओवीत मात्र शब्दाच्या जागी दोन चौकोन आणि 'ला' एवढेच उरले होते. 'वाऱ्याला' की 'चाऱ्याला'? अर्थ दोन्हींनी लागत होता. शेवटी थोरल्या अक्काला फोन केला. तिला नुसता शब्द सांगता येईना. म्हणाली, "थांब, म्हणून बघते." तिने चाल धरली आणि शब्द आपोआप आला: वाऱ्याला. संगणकाला जे राखता आले नाही, ते ऐंशी वर्षांच्या गळ्याने राखले होते.

त्या दुरुस्तीसाठी मी इन्स्क्रिप्ट शिकलो. १९९१ सालच्या भारतीय मानकात असलेली ही कळफलकाची मांडणी. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजने. 'क'च्या कळेवरच शिफ्ट दाबले की 'ख'. 'र'वर शिफ्ट दाबले की 'वाऱ्या'तला 'ऱ'. रेमिंग्टनला सरावलेली माझी बोटे महिनाभर अडखळली. रोज अर्धा तास बसलो. पहिला शब्द 'धाराशिव', सात कळा. आता बोटे आपसूक जातात. आणि गंमत अशी, की हीच मांडणी विंडोजवरही चालते. प्रणाली उद्या पुन्हा बदलली, तरी हे शिक्षण वाया जाणार नाही.

प्रत्येकाने लिनक्सच घ्यावे, असे मी म्हणणार नाही. कार्यालयाचे एखादे सॉफ्टवेअर किंवा घरचा प्रिंटर त्यावर चालेलच असे नाही. म्हणून आधी ते पेन ड्राइव्हवरून चालवून पाहावे. त्यासाठी जुने काही पुसावे लागत नाही. बदलण्यापूर्वी सगळ्या फाइलींची प्रत वेगळी काढून ठेवावी. आणि आपल्या घरात जुन्या फॉन्टमधले काही असेल, वडिलांची आठवण, गावाचा इतिहास, भजनाची वही, तर जुने यंत्र चालू आहे तोवर ते युनिकोडमध्ये आणावे आणि कागदावरही छापून घ्यावे.

मी ओव्यांच्या तीन प्रती छापल्या. एक अक्काला दिली. तिला आता बारीक अक्षर दिसत नाही. नातीने वाचायला सुरुवात केली, की पुढची ओळ अक्काच म्हणते.