बारगीर ते अग्निवीर

(नागपूर येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सीताबर्डीचा किल्ला वर्षातून तीन दिवस लोकांसाठी उघडतो : 26 जानेवारी, 1 मे आणि 15 ऑगस्ट. त्या दिवशी नागपूरकर मुलाबाळांसह टेकडी चढतात, 1817 च्या लढाईत पडलेल्यांच्या कबरी पाहतात आणि उतरतात. कबरीतला माणूस कोठला, त्याला महिना काय मिळत होता, हे विचारण्याची रीत नाही. युद्धाचा इतिहास आपल्याकडे सेनापतींच्या नावाने लिहिला जातो. शिपाई त्यात आकड्याच्या रूपाने येतो. शौर्याचे पोवाडे गाणारे आणि युद्ध म्हणजे निव्वळ संहार असे म्हणून त्याचा धिक्कार करणारे, दोघेही एक साधी गोष्ट विसरतात. शिपाई हा मुळात पोटासाठी श्रम विकणारा माणूस आहे. त्याचा अनुभव समजून घ्यायचा तर तलवारीपेक्षा पगारपत्रक अधिक बोलके ठरते.

भोसल्यांच्या नागपूरपासूनच प्रारंभ करणे उचित होईल. मराठा घोडदळात दोन प्रकारचे स्वार असत. स्वतःचा घोडा आणि हत्यार घेऊन येणारा तो शिलेदार. ज्याला घोडा आणि हत्यार सरकारातून किंवा सरदाराच्या पागेतून मिळे तो बारगीर. अर्थशास्त्राच्या भाषेत एकाकडे साधन होते, दुसऱ्याकडे फक्त हातपाय. (युद्धाला अर्थशास्त्राची भाषा लावणे कोणाला विचित्र वाटेल, पण चौथाई वसूल करणारी फौज ही महसुलाचीच यंत्रणा होती.) शिलेदाराचा घोडा पडला तर त्याची पुंजीच बुडे, म्हणून तो हात राखून लढतो अशी तक्रार असे. बारगिराला बुडण्यासारखे काही नव्हते आणि मिळण्यासारखेही थोडेच होते.

1742 पासून पुढे नऊ-दहा वर्षे रघूजी भोसल्यांच्या फौजा बंगालवर चालून गेल्या. गावे जळली, स्त्रियांवर अत्याचार झाले. गंगाराम या त्या काळच्या बंगाली कवीने 'महाराष्ट्र पुराणा'त त्याचे वर्णन केले आहे आणि ते झाकून ठेवण्याचे आपल्याला काही कारण नाही. भास्करपंत कोल्हटकर 1744 मध्ये भेटीच्या तंबूत दग्याने मारले गेले. शेवटी 1751 च्या तहाने ओरिसा आणि सालिना 12 लाखांची चौथाई नागपूरच्या पदरात पडली. बंगालमध्ये नाव उरले ते मात्र 'बर्गी'चे, म्हणजे बारगिराचे. तान्ह्या मुलाला निजवताना बंगाली आई अंगाईत बर्गीची भीती घालते. 12 लाख ज्याच्या खजिन्यात गेले त्याच्या नावाने तिकडे कोणते मूल घाबरत नाही.

पगार थकणे हा आपल्या फौजांचा जुना रोग. 1760 साली दिल्ली हाती आल्यावर भाऊसाहेबांनी लाल किल्ल्यातील दिवाण-इ-खासचे चांदीचे छत उतरवून त्याची नाणी पाडली. सुमारे 9 लाख रुपये झाले. फौजेचा महिनाभराचा खर्च त्यातून जेमतेम निघाला. पुढे पानिपतच्या छावणीत शिपाई उपाशीच होता. 14 जानेवारी 1761 रोजी तो बाहेर पडला तो अन्नावाचून मरण्यापेक्षा लढून मरू, या निर्धाराने. आपल्या नाटक-कादंबऱ्यांत हा उपास लढाईची पार्श्वभूमी म्हणून येतो. वस्तुतः त्या दिवशीच्या लढाईचे ते एक प्रमुख कारण होते.

कंपनी सरकारच्या विजयाची मीमांसा करताना कवायत आणि तोफखाना यांचा उल्लेख होतो. ठरल्या तारखेस मिळणारा पगार आणि पुढे मिळणारे पेन्शन यांचा होत नाही. बंगाल लष्करातील पायदळ शिपायाला महिना 7 रुपये मिळत आणि पोट त्यातच भरावे लागे. परंतु ते 7 रुपये हाती पडतील हा भरवसा होता. हा पैसा विलायतेहून येत नव्हता, हेही लक्षात घेतले पाहिजे. 1816 च्या तहाने नागपूरकर भोसल्यांनी कंपनीच्या तैनाती फौजेसाठी वर्षाला साडेसात लाख रुपये देण्याचे कबूल केले. दुसऱ्याच वर्षी, 26 व 27 नोव्हेंबरला, त्याच फौजेने सीताबर्डीवर अप्पासाहेब भोसल्यांच्या सैन्याचा पराभव केला. राजाचा पराभव राजाच्याच खजिन्यातून आधी भरला गेला होता.

त्या टेकडीवर कंपनीच्या बाजूने प्रामुख्याने मद्रास पलटणीचे शिपाई आणि बंगालचे घोडदळ उभे होते. साडेतीनशेहून अधिक माणसे मेली वा जखमी झाली. समोर भोसल्यांच्या बाजूने चिवटपणे लढले ते अरब. समुद्रापलीकडून चाकरीसाठी आलेल्या या लोकांनी धाकटी टेकडी काही काळ जिंकलीही होती. राजा शरण गेल्यावरही ते शहरात ठाण मांडून राहिले. 24 डिसेंबरचा इंग्रजांचा हल्ला त्यांनी परतवला आणि महिनाअखेर कुटुंबकबिल्यासह सुखरूप जाऊ देण्याच्या अटीवरच ते बाहेर पडले. नागपूरचे भवितव्य ठरवणाऱ्या त्या लढाईत एकमेकांना भिडलेल्यांपैकी अनेकांना नागपूर ही केवळ चाकरीची जागा होती.

चाकरी देणारा ती काढूनही घेऊ शकतो, याचा अनुभव महार समाजाइतका कोणाला आला नसेल. 1 जानेवारी 1818 च्या कोरेगावच्या लढाईत पडलेल्यांची 49 नावे तेथील स्तंभावर आहेत. त्यांपैकी 22 महारांची. त्या स्तंभाची दगडी कृतज्ञता कायम राहिली, आणि 1892 च्या सुमारास 'लढवय्या जाती'च्या सिद्धान्ताने महारांची भरती बंद झाली. शेती नाही, गावकीचे काम बिनमोलाचे, अशा घरांत रोख पैसा, लष्करी शाळा आणि पेन्शन येण्याचा एकमेव दरवाजा मिटला. सुभेदार रामजी सकपाळ लष्करी शाळेत शिक्षक होते. त्यांच्या पिढीनंतर ही वाट बंद झाली नसती तर आणखी किती घरांतून मुले शिकली असती, याचा हिशेब कोणी मांडलेला नाही. गोपाळबाबा वलंगकर आणि शिवराम जानबा कांबळे यांनी अर्जांमागून अर्ज केले. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडू लागली तेव्हा, 1917 मध्ये, 111 वी महार पलटण उभी राहिली. गरज संपताच 1921 मध्ये मोडली. पुन्हा दुसरे महायुद्ध आले, तेव्हा 1941 मध्ये महार रेजिमेंट स्थापन झाली. तिची दुसरी पलटण आपल्या कामठीलाच उभारण्यात आली.

ज्यांना 'लढवय्ये' ठरवून घेतले त्यांचे तरी काय झाले? मेसोपोटेमियातील कूट येथे पुणे डिव्हिजन वेढ्यात सापडली. तीत 103 व 110 या मराठा पलटणी होत्या. पगार महिना 11 रुपये. धान्य संपत आले, घोडे कापले गेले. धर्मामुळे अनेकांनी ते मांस नाकारले आणि रक्तपितीने ते खंगले. 29 एप्रिल 1916 रोजी सुमारे 13 हजार माणसे तुर्कांच्या कैदेत गेली. वाळवंटातून चालत, पुढे रास-अल-ऐनला रेल्वेच्या कामावर राबत, त्यांतील हजारो मेली. त्यांचे सेनापती जनरल टाउनशेंड यांची कैद इस्तंबूलजवळच्या बेटावर आरामात गेली. त्याच काळात त्यांना 'सर' हा किताबही मिळाला.

स्वातंत्र्यानंतर शिपायाचे पेन्शन ही गोष्ट गृहीत धरली जाऊ लागली. ते हक्काचे वेतनच होते, फक्त उशिरा मिळणारे. 14 जून 2022 रोजी अग्निपथ योजना जाहीर झाली आणि हे गृहीत मोडले. चार वर्षांची नोकरी, पहिल्या वर्षी महिना 30 हजार, त्यातील 30 टक्के निधीसाठी कपात, शेवटी सरकारी वाट्यासह सुमारे 11 लाख 71 हजार, ग्रॅच्युइटी नाही, पेन्शन नाही. जास्तीत जास्त 25 टक्के जवान पुढे कायम. पेन्शनचा बोजा सांगितला जातो. 2024-25 च्या अर्थसंकल्पात त्यासाठी सुमारे 1 लाख 41 हजार कोटींची तरतूद होती, हे खरे. त्यात संरक्षण खात्यातील मुलकी कर्मचारीही येतात, हे सांगितले जात नाही. आणि बोजाची ही भाषा सर्वांत खालच्या पायरीपुरतीच आहे, अधिकाऱ्यांच्या भरतीला ही योजना लागू नाही.

कामठीच्या गार्ड्स रेजिमेंटल सेंटरमध्ये अग्निवीरांचे प्रशिक्षण होते. विदर्भातल्या कोणत्याही तालुक्याच्या रस्त्यावर पहाटे भरतीसाठी धावणारी मुले दिसतात. त्यांतील बहुतेक कोरडवाहू शेतकऱ्यांची आणि शेतमजुरांची. त्यांना घोडा सरकारकडून मिळेल, बंदूकही मिळेल. 2022 च्या अखेरीस दाखल झालेल्या पहिल्या तुकडीची चार वर्षे 2026 च्या अखेरीपासून पुरी होऊ लागतात. शंभरांतले पंचाहत्तर गावी परततील तेव्हा ते एकविशी ते सत्ताविशीच्या आसपास असतील.