गोठा, वैरण आणि घरातील दूध
(भाषणाचा मजकूर)



पशुपालन हे जगातील उपासमारीचे कारण आहे की तिच्यावरील उपाय, यासंबंधी दोन परस्परविरुद्ध मते ऐकू येतात. श्रीमंत राष्ट्रांत मका, जव यांसारखी माणसाच्या उपयोगी पडणारी धान्ये जनावरांना चारली जातात. जगात पिकणाऱ्या धान्याचा सुमारे तिसरा हिस्सा अशा रीतीने गोठ्यात आणि खुराड्यात जातो. मांसाच्या रूपाने त्यातले काही परत मिळते खरे, परंतु मूळच्या मानाने ते फारच थोडे असते. पहिल्या मताचे हे म्हणणे खोटे नाही.

मात्र पेडण्याच्या किंवा डिचोलीच्या शेतकऱ्याच्या दारातील गाय मुख्यतः पेंढा खाते, बांधावरचे गवत खाते, भात भरडल्यावर उरलेला कोंडा आणि खोबऱ्याची पेंड खाते. माणसाला न पचणाऱ्या गवताकाडीचे अन्न बनविण्याची शक्ती रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटातील सूक्ष्म जंतूंत आहे. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील पट्ट्यात १९७२-७३ च्या दुष्काळात गुरांचे कळपच्या कळप मेले. त्यांच्याबरोबर तेथील पशुपालकांचे दूधही गेले आणि गुरे विकून धान्य घेण्याचे साधनही गेले. गरीब देशांत जनावर ही पेढीतील ठेव आहे आणि ती मोडली की चूल विझते.

आपल्या देशात १९७० साली दूधमहापूर योजना सुरू झाली. युरोपातून देणगीदाखल आलेली दुधाची भुकटी आणि लोणीतेल शहरांत विकून उभारलेल्या पैशातून खेड्यांत सहकारी दूधसंस्था उभ्या करावयाच्या, ही डॉ. वर्गीस कुरियन यांची कल्पना. पुढे भारत दूध उत्पादनात जगात पहिला झाला. त्याच काळात एक टीकाही झाली की, शहराकडे जाणाऱ्या दुधामुळे खेड्यातील मुलाचा पेला रिकामा होतो. ही टीका त्या वेळी अनेकांना रुचली नाही. तथापि भल्या पहाटे किटली घेऊन संस्थेकडे जाणाऱ्या बाईच्या घरी मुले कोऱ्या चहात पाव बुडवून शाळेला निघतात, हे दृश्य शिक्षकांना तरी अपरिचित नसावे.

गोव्याचे दरडोई उत्पन्न देशात अग्रभागी असते. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत येथील पाच वर्षांखालील दर चार मुलांमागे सुमारे एकाची वाढ खुंटलेली आढळली. याचा दोष एकट्या दुधाच्या अभावावर टाकता येणार नाही. परंतु पाव लिटर दुधात सुमारे ८ ग्रॅम प्रथिने आणि ३०० मिलिग्रॅम चुना असतो, आणि लहान मुलाच्या बाबतीत ही भर क्षुल्लक नव्हे.

मग गोठा वाढत का नाही? डिचोलीत अनेक वर्षे खाणीच्या मजुरीपुढे आणि ट्रकच्या भाड्यापुढे गाईचे उत्पन्न किरकोळ वाटे. २०१२ साली खाणी बंद पडल्या, तेव्हा काही घरांना गोठ्याची आठवण झाली. पण तोपर्यंत चरण्याच्या जागा आणि वैरण सांभाळण्याची सवय, दोन्ही आटली होती. पेडण्यात मोपाच्या सड्यावर गुरे चरत, तेथे २०२२ च्या डिसेंबरात विमानतळाचे उद्घाटन झाले. शासन दुभत्या जनावरांसाठी अनुदान देते आणि ही जनावरे बहुधा परराज्यांतून आणली जातात. वाटप केलेल्या जनावरांची संख्या अहवालात शोभून दिसते; दोन उन्हाळ्यांनंतर ती कोणाच्या दावणीला आहेत, हे अहवाल क्वचितच सांगतो. दिवसाला १० लिटर दूध देणाऱ्या संकरित गाईला शरीरपोषणाच्या खुराकाखेरीज दर अडीच लिटरमागे एक किलो खुराक लागतो, म्हणजे दुधापोटीच ४ किलो. तो सारा विकत आणला, तर दुधाचा पैसा खुराकवाल्याकडे परत जातो.

गोव्याची पांढरी गावठी गाय ‘श्वेत कपिला’ या नावाने देशी जात म्हणून नोंदली गेली आहे. ती दिवसाला दोन-तीन लिटरच दूध देते, पण येथल्या पावसात टिकते आणि थोडक्यात भागते. विक्रीचा धंदा करणाऱ्याला ती पुरणार नाही, हे उघड आहे. घरातील दोन मुलांना मात्र ती पुरते.

वैरणीचे पहिले साधन म्हणजे आपला पेंढा. यंत्राने कापणी होऊ लागल्यापासून तो शेतातच विखुरतो, तुडवला जातो आणि पुष्कळदा तेथेच कुजतो. मजुरी वाचली हे खरे, पण तोच शेतकरी पुढे परगावाहून आलेली वैरण विकत घेतो. पेंढा सुकताच गोळा करावा आणि सकस करून ठेवावा. १०० किलो पेंढ्यासाठी ४ किलो युरिया सुमारे ५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवावा. पेंढ्याचे थर देत प्रत्येक थरावर हे पाणी झारीने सारखे शिंपडावे, थर पायाने दाबावा आणि ढीग प्लास्टिकच्या कागदाने हवाबंद झाकून २१ दिवस ठेवावा. उघडल्यावर उग्र वास येतो. तो जाईपर्यंत पेंढा हवेवर पसरावा आणि प्रथम थोडाथोडा देऊन जनावराला सवय लावावी. सहा महिन्यांखालील वासरांना तो देऊ नये. कोरडा युरिया किंवा युरियाचे पाणी जनावराच्या तोंडी कधीही लागू देऊ नये, त्यातून विषबाधा होते. झारी आणि बादली धुऊन ठेवण्याचे काम मुलांवर सोपवू नये.

तिळारीच्या कालव्याचे पाणी या दोन्ही तालुक्यांतील ज्या शेतांना मिळते, तेथे बांधाच्या कडेने संकरित नेपियर गवताची ठोंबे लावता येतील. वायंगणाची कापणी मार्च-एप्रिलात उरकते. झाकण्याचा कागद, युरिया आणि ढिगासाठी उंच कोरडी जागा यांची तयारी त्याआधीच करावी. शंका असल्यास जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारावे.