एका पेशीची उलटी वाटचाल : सिकलसेल आणि मूलपेशी संशोधन

(कामठी तालुक्यातील शिक्षक, अधिकारी व पंचायत सदस्य यांच्यापुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कन्हानकाठच्या या गावात मूलपेशींविषयी बोलावे, असे मला सुचविण्यात आले तेव्हा प्रथम मी थोडा संकोचलो. हा विषय क्योतो, बोस्टन, बंगळूर अशा ठिकाणच्या प्रयोगशाळांचा. परंतु ज्या आजारांसाठी हे संशोधन चालले आहे, त्यांपैकी एक आपल्या जिल्ह्याला मुळीच अनोळखी नाही. १९५८ साली शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरद्वयाने मध्य भारतातील सिकलसेलविषयीचा वृत्तान्त 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. ते काम नागपूरचेच होते.

रक्तातील हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते. एवढाच काय तो फरक. जनुकाच्या लिपीत एक अक्षर बदलले, इतकेच. परंतु प्राणवायू कमी पडला की हे हिमोग्लोबिन एकमेकांस चिकटून दोऱ्यांसारखे होते आणि तांबड्या पेशीला विळ्याचा आकार येतो. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. त्यामुळे हातापायांत असह्य वेदना उठतात. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, ही दहा-वीस दिवसांतच फुटते, म्हणून रक्तक्षय. मेंदूच्या रक्तवाहिनीत अडथळा आला तर शाळकरी वयाच्या मुलालाही पक्षाघात होऊ शकतो. हा आजार रक्ताचा खरा, पण त्याची झळ मज्जासंस्थेपर्यंत पोहोचते.

हा आजार एखाद्या जातीचा आहे, असा समज कृपया कोणी बाळगू नये. ज्या प्रदेशांत पिढ्यान्‌पिढ्या हिवतापाचा कहर होता, तेथे या जनुकाची एकच प्रत बाळगणाऱ्याला थोडे संरक्षण लाभले. म्हणून ते तेथे टिकून राहिले. असा वाहक, म्हणजे आपण ज्याला 'एएस' म्हणतो तो, सामान्यतः धडधाकट असतो. दोन्ही प्रती सदोष असलेला 'एसएस' हा रुग्ण होय. आईवडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल 'एसएस' होण्याची शक्यता चारात एक असते. एका पित्याने मला मोठ्या समाधानाने सांगितले होते, "डॉक्टरसाहेब, पहिला आजारी निघाला, आता पुढच्या तिघांची चिंता नाही." त्याचे दुसरे मूलही 'एसएस' निघाले. त्याला चारात एक हा आकडा कोणीतरी सांगितला होता, पण तो प्रत्येक खेपेला नव्याने लागू होतो, हे सांगावयाचे राहून गेले होते. शिक्षकांनी हे फळ्यावर नाणे उडवून समजावून द्यावे, अशी माझी विनंती आहे. तसेच आरोग्य केंद्रातील सोल्युबिलिटी चाचणी वाहक आणि रुग्ण असा भेद करीत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिससारखी पुढील तपासणी करावीच लागते.

आता मूळ विषयाकडे वळतो. तलाठ्याच्या दप्तरात साऱ्या गावाची नोंद असते, परंतु ज्याला हवा तेवढाच उतारा काढून दिला जातो. पेशीचेही तसेच आहे. त्वचेच्या पेशीजवळ संपूर्ण शरीराचे दप्तर असते. ती वाचते मात्र त्वचेपुरते. २००६ साली क्योतो विद्यापीठातील शिन्या यामानाका यांनी उंदराच्या त्वचेतील पेशींत केवळ चार जनुके घातली आणि त्या पेशी पुन्हा गर्भावस्थेतील पेशींसारख्या झाल्या. २००७ साली मानवी पेशींबाबतही हे साधले. या 'प्रेरित बहुक्षम मूलपेशीं'पासून रक्त, हृदय, मज्जातंतू अशा नाना प्रकारच्या पेशी तयार करता येतात. या कार्याबद्दल २०१२ चे नोबेल पारितोषिक यामानाका आणि ब्रिटनचे जॉन गर्डन यांना विभागून मिळाले.

अशा पेशी प्रयोगशाळेत अखंड वाढत राहतात. एका रुग्णाकडून निघालेल्या या पेशीवंशाचा साठा द्रवरूप नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंशांवर वर्षानुवर्षे जपता येतो. मेंदूच्या विकारांत याचे मोल विशेष आहे, कारण जिवंत माणसाच्या मेंदूचा तुकडा काढून कोणी पाहू शकत नाही. बंगळूरमध्ये निम्हान्स आणि तेथील जैवविज्ञान संस्था यांनी गंभीर मनोविकार असलेल्या कुटुंबांतील व्यक्तींच्या रक्तापासून असे पेशीवंश तयार केले असून, त्यांपासून वाढविलेल्या मज्जापेशींचा अभ्यास चालतो.

सिकलसेलच्या बाबतीत पहिला आशादायक प्रयोग २००७ सालीच अमेरिकेत झाला. सिकलसेल असलेल्या उंदराच्या शेपटीतील पेशी मूलपेशी बनविल्या, त्यांतील चुकलेले अक्षर दुरुस्त केले आणि त्यांपासून रक्त निर्माण करणाऱ्या पेशी करून त्याच जातीच्या आजारी उंदरांत सोडल्या, उंदीर सुधारले. पुढे बोस्टनच्या संशोधकांनी निरनिराळ्या वंशांच्या सिकलसेल रुग्णांचे पेशीवंश गोळा करून एक संग्रहच उभारला.

आपल्याला यात रस असण्याचे कारण वेगळे आहे. भारतातील सिकलसेलचे जनुक बहुतांशी 'अरब-भारतीय' गटातील असून, अशा रुग्णांत गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन अधिक प्रमाणात शिल्लक राहते. ते पेशींना विळा होऊ देत नाही. म्हणून भारतातील आजार सौम्य, असे पुष्कळ दिवस मानले जाई. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. दीप्ती जैन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या निरीक्षणांनी मात्र येथील मुलांचा आजार सौम्य नाही, हे दाखवून दिले. जनुक तेच, गटही तोच. तरीही एक मूल वरचेवर रुग्णालयात आणि दुसरे शाळेच्या मैदानावर, असे का व्हावे? याचे उत्तर शोधावयाचे तर विदर्भातील रुग्णांचे पेशीवंश हवेत. बोस्टनच्या शीतपेटीतील पेशी आपल्या मुलांची सर्व कहाणी सांगणार नाहीत.

मर्यादाही सांगणे माझे कर्तव्य आहे. मूलपेशींपासून प्रयोगशाळेत ज्या तांबड्या पेशी तयार होतात, त्यांत प्रौढांचे हिमोग्लोबिन फारसे नसते. ते बहुतेक गर्भावस्थेतीलच असते. म्हणजे ज्या दोषाचा अभ्यास करावयाचा, तोच नीट प्रकट होत नाही! ही अडचण अद्याप पुरती सुटलेली नाही. शिवाय मूळ चार जनुकांपैकी एक कर्करोगाशी निगडित असल्यामुळे सावधगिरी बाळगावी लागते. २०२३ साली ब्रिटन व अमेरिकेत मान्यता मिळालेली जनुक-संपादन चिकित्सा या पेशींवर नव्हे, तर रुग्णाच्या स्वतःच्या रक्तजनक मूलपेशींवर आधारलेली आहे. अमेरिकेत तिची किंमत सुमारे २२ लाख डॉलर ठरली. आपल्याकडे आज हायड्रॉक्सियुरिया हे गोळीरूपी औषध आहे. नागपुरातच ६० मुलांवर झालेल्या चाचणीत त्याच्या कमी मात्रेचाही लाभ दिसून आला.

म्हणून 'स्टेम सेलने सिकलसेल बरा करू' अशा जाहिरातीने कोणी शेत विकू नये. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूत्रांनुसार रक्तविकारांसारख्या काही आजारांतील मूलपेशी-प्रत्यारोपण, ज्याला आपण अस्थिमज्जा प्रत्यारोपण म्हणतो, तेवढेच मान्य उपचार आहेत. बाकी सारे केवळ रीतसर चाचणीतच करता येते.

१ जुलै २०२३ रोजी शहडोल येथे राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानाचा आरंभ झाला. चंद्रपूर येथे हिमोग्लोबिन विकारांचे संशोधन केंद्र डिसेंबर २०२२ मध्ये राष्ट्राला अर्पण करण्यात आले. २०१६ च्या दिव्यांग हक्क अधिनियमात सिकलसेलचा समावेश आहे. प्रमाणपत्राच्या कामी सरपंचांनी अशा कुटुंबांना हात द्यावा. वर्गात अशा मुलाला तास चालू असतानाही पाणी पिऊ द्यावे. मे महिन्यातील आपले ऊन आपण जाणताच.

उद्या एखादी संस्था संशोधनासाठी येथील रुग्णांचे रक्त मागावयास आली, तर नाही म्हणू नका, पण विचारून घ्या. पेशीवंश कोठे ठेवला जाणार, नाव गुप्त राहणार काय, परदेशी पाठविणार काय, पुढे औषध निघाले तर रुग्णास काही सांगणार काय? एक चमचाभर रक्त दिले की त्यातून निघालेल्या पेशी दात्याच्या पश्चातही वाढत राहू शकतात, हे देणाऱ्याला आधी कळले पाहिजे. संमतिपत्र इंग्रजीत असेल तर मराठी प्रत मागावी, आणि ती ग्रामसेवकाने किंवा शिक्षकाने रुग्णाच्या घरी बसून, त्याच्या आईसमक्ष, सावकाश वाचून दाखवावी.