ओबरसाल्झबर्ग : एका हुकूमशहाचा डोंगर

(मालेगाव, जि. वाशीम येथील वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



हिटलरचे एक छायाचित्र तुमच्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. डोंगरावरच्या घराची गच्ची आहे, मागे उंच शिखरे आहेत आणि एका लहान मुलीसोबत तो हसत उभा आहे. असे चित्र पाहिले की माणूस मनाने बरा असावा असे वाटू लागते. आज मला त्या गच्चीविषयी बोलायचे आहे. ती कोणाच्या जमिनींच्या मधोमध उभी राहिली, तिथे बसून काय काय ठरले आणि आता तिथे काय उरले आहे, एवढेच सांगायचे आहे. तो साधेपणा ठरवून तयार केलेला होता आणि त्यासाठी एक नांदते गाव उठवले गेले होते.

जर्मनीच्या आग्नेय कोपऱ्यात, ऑस्ट्रियाच्या सरहद्दीला लागून बेर्ख्टेसगाडेन नावाचे गाव आहे. त्याच्या वरच्या अंगाला, सुमारे १,००० मीटर उंचीवर ओबरसाल्झबर्गची वस्ती. म्हणजे आपल्या चिखलदऱ्याहून थोडी कमी उंची. शेतकऱ्यांची घरे, गुरे, गवताची कुरणे, एवढाच तिथला संसार होता. १८७७ साली माउरिट्सिया मायर या बाईंनी तिथे पाहुण्यांसाठी निवासगृह काढले आणि हवापालटासाठी लोक येऊ लागले. १९२३ मध्ये अटक चुकवून तिथे लपलेल्या डिट्रिश एकार्ट या आपल्या गुरूला भेटायला एक तरुण पुढारी आला. त्याने स्वतःचे नाव ‘वुल्फ’ असे सांगितले. तो हिटलर होता.

त्याच वर्षी नोव्हेंबरात म्युनिकमधला त्याचा उठाव फसला. लान्ड्सबर्गच्या तुरुंगात त्याने ‘माइन काम्फ’ या पुस्तकाचा पहिला भाग लिहिला. सुटून आल्यावर तो पुन्हा याच डोंगरावर आला आणि जंगलाच्या कडेच्या एका लाकडी झोपडीत दुसरा भाग पुरा केला. १९२८ मध्ये त्याने एका व्यापाऱ्याच्या विधवेचे घर भाड्याने घेतले. १९३३ मध्ये तो चान्सेलर झाला आणि ते घर त्याने विकत घेतले. पैसा आला तो त्याच पुस्तकाच्या रॉयल्टीतून. आपल्याकडे पुस्तक प्रदर्शनांत आजही ते पुस्तक खपते, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

आता त्या गावाचे काय झाले ते ऐका. इतिहासाच्या पुस्तकांत याला दोन ओळी मिळतात.

सुरुवात १९३३ मध्येच झाली. हिटलरच्या घराच्या वरच्या बाजूला ‘त्सुम ट्यूर्केन’ नावाचे हॉटेल होते. मालक कार्ल शुस्टर याने नाझी मंडळींविषयी नाराजी बोलून दाखवली. त्याच्या हॉटेलावर बहिष्कार आला, त्याला अटक झाली आणि शेवटी हॉटेल विकून जावे लागले. पुढे तिथे हिटलरच्या पहारेकऱ्यांचा अड्डा बसला. त्यानंतर मार्टिन बोरमान याने काम हाती घेतले. बोरमान पक्षाच्या कार्यालयातला माणूस होता, मालकाच्या मनातले ओळखून त्याच्या आधी धावणारा. त्याने एकेक शेत, एकेक घर घ्यायला सुरुवात केली. जो मुकाट्याने विकेल त्याला किंमत मिळे. जो नाही म्हणेल त्याला धमकी, आणि तरीही नाही म्हटले तर छळछावणीचे नाव काढले जाई. सुमारे ५० घरे पाडली गेली, सुमारे ४०० माणसे उठली. जवळजवळ १० चौरस किलोमीटर मुलखाला कुंपण पडले.

योहान ब्रांडनर नावाचा एक छायाचित्रकार तिथे दुकान चालवत असे. त्याला वाटले, साहेबाला हे माहीत नसणार, खालची माणसे परस्पर करतात. त्याने सरळ हिटलरच्या हातात आपला अर्ज दिला. उत्तर म्हणून त्याला डाखाऊच्या छळछावणीत पाठवण्यात आले. दोन वर्षे तो तिथे होता.

मंडळी, समृद्धी महामार्ग आपल्याच तालुक्यातून गेला. मोजणी, नोटीस, हरकत, मोबदला हे शब्द तुम्हाला मी समजावून सांगायला नकोत. जमीन जाताना जिवाचे पाणी होते. पण हरकत घेता येत होती, वकील करता येत होता, कलेक्टर कचेरीपुढे बसता येत होते, वर्तमानपत्रात छापून आणता येत होते. मनासारखे झाले नसेल, पण अर्ज दिला म्हणून कोणी दोन वर्षे छावणीत गेला नाही. ओबरसाल्झबर्गच्या शेतकऱ्यापाशी यातले काहीच नव्हते. ‘एकदा कोणीतरी कडक हुकूमशहा आला पाहिजे’ असे आपल्याकडे सहज बोलले जाते. बोलणाऱ्याने ब्रांडनरचा अर्ज आठवावा.

जुने घर वाढवून १९३६ मध्ये ‘बर्गहोफ’ हा मोठा बंगला उभा राहिला. दिवाणखान्यात सुमारे ३० चौरस मीटरची एकच खिडकी होती, आणि ती यंत्राने खाली जमिनीत उतरवता येई. समोर उंटर्सबर्ग पर्वत. त्या पर्वताच्या पोटात शार्लमेन बादशहा झोपला आहे आणि एक दिवस तो जागा होईल, अशी तिथली दंतकथा. आपल्या घरासमोर तोच डोंगर असावा याचा हिटलरला अभिमान होता. त्याचा वास्तुतज्ज्ञ आल्बर्ट श्पेअर याने पुढे लिहून ठेवले आहे, की गॅरेज नेमके खिडकीखाली होते आणि वारा उलटा असला की पेट्रोलचा वास दिवाणखान्यात भरे. फोटोत तो वास येत नाही, शिखरे तेवढी दिसतात.

हे फोटो काढणारा हाइनरिश होफमान. त्याने काढलेली हिटलरची चित्रे पुस्तकांतून, पोस्टकार्डांवरून घरोघर गेली. चित्रांतल्या मुलांपैकी बर्निले नीनाउ ही सर्वांत प्रसिद्ध. तिचा वाढदिवस २० एप्रिल, म्हणजे हिटलरचाच. १९३३ पासून ती इथल्या घरी येई, त्याला पत्रे लिही. पुढे कागदपत्रांत निघाले की तिची एक आजी ज्यू होती. बोरमानने मायलेकींचे येणे बंद केले आणि १९३८ मध्ये तिची चित्रे छापायलाही मनाई झाली. १९४३ मध्ये, वयाच्या अवघ्या १७व्या वर्षी पोलिओने ती गेली.

या देखाव्याला भलेभले भुलले. ब्रिटनचे माजी पंतप्रधान लॉईड जॉर्ज १९३६ मध्ये इथे येऊन गेले आणि परतल्यावर त्यांनी हिटलरची तुलना जॉर्ज वॉशिंग्टनशी केली. १९३७ च्या ऑक्टोबरात आगाखान तिसरे आले. त्या वर्षी ते राष्ट्रसंघाच्या सभेचे अध्यक्ष होते. पुण्याचा आगाखान पॅलेस यांनीच १८९२ मध्ये बांधलेला. त्याच महिन्यात ब्रिटनची गादी सोडलेले विंडसरचे ड्यूक आले.

आणि याच दिवाणखान्यात काय ठरत होते? १२ फेब्रुवारी १९३८ रोजी ऑस्ट्रियाचे चान्सेलर शुश्निग यांना इथे बोलावून धमकावले गेले आणि महिन्याभरात ऑस्ट्रिया गिळला गेला. १५ सप्टेंबर १९३८ रोजी ब्रिटनचे ६९ वर्षांचे पंतप्रधान चेंबरलेन विमानाने जर्मनीला येऊन हा डोंगर चढले, आणि महिना संपायच्या आत चेकोस्लोव्हाकियाचा लचका तुटला. २२ ऑगस्ट १९३९ रोजी सेनापतींना इथेच जमवून हिटलरने पोलंडवर चालून जायचे सांगितले. दयामाया बाजूला ठेवा, असे त्याने बजावल्याची नोंद आहे. ३१ जुलै १९४० रोजी रशियावर स्वारी करायचा मनसुबा त्याने इथेच सेनापतींपुढे मांडला. एकट्या त्या स्वारीत सोव्हिएत रशियाची दोन कोटींहून जास्त माणसे मेली. दुपारी जवळच्या एका चहाघरापर्यंत फेरफटका, रात्री सिनेमा, आणि मधल्या वेळात हे.

पर्यटकांना जास्त ओढ असते ती शिखरावरच्या केलस्टाइनहाउसची. १,८३४ मीटर उंचीवरचे हे चहाघर बोरमानने बांधून घेतले, डोंगराच्या पोटातून १२४ मीटर वर जाणारी पितळी लिफ्ट बसवली. हिटलर तिथे फार थोड्या वेळा गेला, पण लोक त्यालाच त्याचे घर समजतात. ते आज उन्हाळ्यात चालणारे उपाहारगृह आहे.

२५ एप्रिल १९४५ रोजी ब्रिटिश विमानांनी ओबरसाल्झबर्गवर बॉम्बवर्षाव केला. ३५९ लँकेस्टर विमाने होती. हिटलर तेव्हा बर्लिनच्या तळघरात होता आणि पाचव्या दिवशी त्याने आत्महत्या केली. ४ मे रोजी पळ काढणाऱ्या, हिटलरच्याच एस.एस. दलाच्या सैनिकांनी बर्गहोफ पेटवून दिला. पुढे जागा अमेरिकन सैन्याकडे गेली. लोक अवशेष पाहायला येऊ लागले, विटांचे तुकडे खिशात घालून नेऊ लागले. हे देवस्थान होईल या भीतीने बव्हेरिया या तिथल्या राज्याच्या सरकारने ३० एप्रिल १९५२ रोजी, हिटलरच्या मृत्यूच्या तारखेलाच, भिंती सुरुंगाने उडवल्या आणि वर झाडे लावली.

माझ्या मते इथे चूक झाली. भिंती पाडण्याबद्दल माझे काही म्हणणे नाही. पण पाडून झाल्यावर सांगायला तिथे कोणी उभे राहिले नाही. जवळजवळ पन्नास वर्षे त्या रानात एकही शहाणा शब्द नव्हता. त्या पोकळीत भाबड्या आठवणींची पुस्तके खपली, आणि मागच्या बाजूच्या उरलेल्या भिंतीपाशी मेणबत्त्या लावणारेही येत राहिले.

ही अडचण समजून घेतली पाहिजे. आपल्या आगाखान पॅलेसचे स्मारक करणे सोपे गेले. गांधीजी तिथे कैदेत होते, १५ ऑगस्ट १९४२ रोजी महादेवभाई देसाई आणि २२ फेब्रुवारी १९४४ रोजी कस्तुरबा तिथेच गेल्या, त्यांच्या समाध्या अंगणात आहेत. आत गेले की मान आपोआप खाली जाते. डाखाऊला, आउशविट्झला तसेच होते. ओबरसाल्झबर्गला मात्र मेलेल्यांची काहीच खूण नाही. ते मेले शेकडो मैलांवर, खड्ड्यांच्या काठावर, गॅसच्या खोल्यांत. इथे फक्त निर्णय झाले आणि निर्णयाची खूण जमिनीवर राहत नाही. राहतो तो सुंदर देखावा. म्हणून इथे कागद मांडावेच लागतात.

अमेरिकन गेल्यावर बव्हेरियाने ते केले. म्युनिकच्या समकालीन इतिहास संस्थेने २० ऑक्टोबर १९९९ रोजी इथे माहिती केंद्र उघडले. २०२३ मध्ये त्याची नवी, मोठी इमारत झाली. प्रदर्शनाच्या नावातच रम्य देखावा आणि गुन्हा हे दोन्ही एकत्र ठेवले आहेत. होफमानचे हसरे फोटो तिथे आहेत आणि ज्यांना मारले त्यांच्या कहाण्याही त्याच छपराखाली आहेत. पुढे डोंगराच्या पोटात जाणारी भुयारे लागतात. १९४३ पासून ती खोदली गेली, आणि खोदणाऱ्यांत परदेशातून आणलेले मजूर होते. बर्गहोफच्या जागी आता झाडीत एक जाडजूड भिंत आणि माहितीचा फलक आहे. उशीर झाला, पण जे झाले ते योग्य झाले असे मी ठामपणे म्हणेन.

शेवटी इथल्या शिक्षकांना आणि वाचनालय चालवणाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे. आपल्या पोरांना हिटलरविषयी कुतूहल आहे आणि त्यांना रागावून ते जाणार नाही. वि. ग. कानिटकरांचे ‘नाझी भस्मासुराचा उदयास्त’ मराठीत आहे, ॲन फ्रँकची डायरी मराठीत आहे. ही दोन्ही पुस्तके आपल्या कपाटात आहेत का ते उद्याच पाहा. नसतील तर यंदाच्या खरेदीत आधी ती घ्या, आणि नववी-दहावीच्या मुलांच्या हातात स्वतः नेऊन द्या.